साक्षीदार मिळून येत नाही

मी जालन्याच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. 'मतदाराने उमेदवाराची माहिती घेऊन विचारपूर्वक मतदान करावे' हे वाक्य बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. परीक्षेत कोणी ते लिहिलं की मी दोन गुण देते. या बावीस वर्षांत मी स्वतः एकाही उमेदवाराचा एकही कागद उघडून पाहिला नव्हता. मत देताना कधी नवऱ्याचं ऐकलं, कधी स्टाफरूमचं, आणि एकदा तर एकाचं भाषण कानाला बरं वाटलं म्हणून त्याच्यापुढचं बटण दाबून आले. माझा रागीटपणा सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. पण या प्रकरणातला पहिला राग माझा माझ्यावरच आहे, म्हणून तो आधी लिहून मोकळी होते.

मागच्या लोकसभेच्या वेळी शाळेत संकल्पपत्रांचे गठ्ठे आले. मुलांनी ती घरी न्यायची आणि 'आम्ही मतदान करू' याखाली आईवडिलांच्या सह्या आणायच्या. मी मुख्याध्यापकांना विचारलं की मत द्या म्हणता, पण काय बघून द्या याची एकही ओळ यात कशी नाही. ते म्हणाले, बाई, सह्यांचा आकडा उद्या दुपारपर्यंत वर कळवायचा आहे, तुम्ही विषय वाढवू नका. विषय वाढवू नका असं मला कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. एप्रिल होता, सकाळची शाळा होती. साडेअकराला सुटल्यावर मी घरी न जाता तडक झेरॉक्सच्या दुकानात गेले. उमेदवार अर्ज भरताना जे शपथपत्र देतात ते निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. दुकानदाराला म्हटलं, काढा. त्याने विचारलं, कोणत्या पार्टीच्या आहात? मी म्हटलं, कोणत्याच नाही, मतदार आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला तिथेच त्याचा वर्ग घ्यावासा वाटला.

पाच जणांची शपथपत्रं काढली. घरी येऊन पंखा लावला, पेपर तपासायचं लाल पेन घेतलं आणि बसले. एकाने शिक्षणाच्या रकान्यात 'दहावी नापास' असं सरळ लिहिलं होतं, त्याचं मला कौतुक वाटलं. एकाच्या नावावर स्वतःची सायकलही नव्हती, आणि प्रचाराला मात्र वीस गाड्यांचा ताफा घेऊन फिरत होता. त्याच्या समासात मी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. तिसरं शपथपत्र सभापतीचं होतं.

सभापती म्हणजे आमच्याच भागातला. पंधराएक वर्षांपूर्वी कसल्याशा समितीचा अडीच वर्षं सभापती होता, तेव्हापासून लोक त्याला नावाने हाक मारत नाहीत. प्रलंबित गुन्ह्यांच्या पानावर त्याने एकच गुन्हा दाखवला होता. पोलिस ठाणं, गुन्हा क्रमांक, कोर्ट, कलमं, सगळं रीतसर. संक्षिप्त वर्णन असं होतं: 'ग्रामसभेतील किरकोळ वाद. राजकीय आकसातून मारहाणीची तक्रार.' दोषारोप निश्चित झाले आहेत काय? होय. सद्यःस्थिती? प्रलंबित.

ती तक्रार माझ्या आईने दिलेली होती. ज्याला मारहाण झाली तो माझा बाप होता. आणि ते प्रकरण नऊ वर्षांपूर्वीच मिटलं, असं आमचं घर त्या दुपारपर्यंत धरून चाललं होतं.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आहे. मिरचीचं गाव. अण्णा तिथले पोस्टमन होते. कोणाचा मुलगा कुठे कामाला आहे, कोणाची मनीऑर्डर थांबली आहे, सगळं त्यांना पाठ. छापील कागद दिसला की वाचायचा ही त्यांची खोड होती. नळयोजना पूर्ण झाल्याचा फलक गावात लागला तेव्हा तोही त्यांनी खालच्या बारीक ओळीपर्यंत वाचला. टाकी बांधून झाली होती, दारादारात तोटी बसवून झाली होती, पाणी मात्र नव्हतं. काम सभापतीच्या माणसांचं होतं. अण्णा ग्रामसभेत उठले आणि म्हणाले, "टाकी दिसती, तोटी दिसती. मधला पाइप कुठं गेला तेवढं सांगा." लोक हसले, आणि ते हसणंच त्यांना महागात पडलं. सभा उठल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर सहा जणांनी त्यांना अडवलं. सभापती स्वतः पुढे होता. हा घे तुझा पाइप, म्हणत त्याने लोखंडी पाइपाने अण्णांच्या उजव्या पायावर घातलं. एकदा नाही, चारदा. आई बायकांमध्ये उभी होती, दहा पावलांवर. तिने ते सगळं पाहिलं. अण्णा दवाखान्यात असताना तिने एकटीने पोलिसांत जाऊन फिर्याद दिली. पदराला रक्त तसंच होतं, एवढं ती नंतर एकदाच बोलली.

मग गावाने ते मिटवलं. आमच्याकडे मोठी गोष्ट मिटवायची तर खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलतात. ताटात हळद आणि बेलाची पानं असतात, ज्याने त्याने ती ओंजळीत घेऊन देवापुढे शब्द द्यायचा, आणि तो शब्द मोडायचा नाही. त्यापुढे कोणी कागद मागत नाही. सभापतीने भंडारा उचलून शब्द दिला की वर्षाच्या आत घरोघरी पाणी येईल. आमच्या घराने शब्द द्यायचा होता की या प्रकरणावर पुन्हा तोंड उघडणार नाही. अण्णांचा पाय प्लास्टरमध्ये, ते देवळाच्या पायऱ्या चढू शकत नव्हते आणि मनातून तयारही नव्हते. भावकीने आईला पुढे केलं. गावात राहायचं आहे ना, हे तिला इतक्या वेळा ऐकवलं गेलं की शेवटी तिने ओंजळ पुढे केली. भंडारा उचलला म्हणजे केसही संपली, असं सगळ्या गावाने गृहीत धरलं. मीही धरलं. नागरिकशास्त्राची शिक्षिका, पण माझ्याही मनात आलं नाही की देवळात काय ठरलं हे कोर्टाला कळायला तिथे कोण जाऊन सांगणार होतं. ती केस काही आमची नव्हतीच, सरकारची होती. हे मी नववीला शिकवते.

शपथपत्र हातात घेऊन बसले असताना मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवली तेव्हा मी पेन भिंतीवर फेकून मारलं. हाच सभापती त्याआधीच्या विधानसभेला उभा राहून पडला होता. तेव्हाही त्याने शपथपत्र दिलंच असणार आणि त्यात हीच ओळ असणार. तेव्हा अण्णा जिवंत होते. ओसरीत खुर्चीवर बसायचे, पाय समोर स्टुलावर. मी दिवाळीला गेले होते तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "त्या केसचं पुढं काय झालं असंल गं?" आणि मी, शिकलेली मुलगी, भाकरी थापता थापता म्हणाले होते, मिटलं ना अण्णा ते, कशाला उकरून काढता. ते पुढच्या वर्षी गेले. पायाने नाही, छातीच्या दुखण्याने गेले, पण तो प्रश्न बरोबर घेऊन गेले. एक कागद काढला असता तर त्यांना उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कोर्टात गेले. सरकारी वकील बाई होत्या, कामाच्या ढिगाखाली दबलेल्या, पण ऐकून घेणाऱ्या. मी फिर्यादीची मुलगी म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, फिर्यादी तर सापडत नाहीत ना? मी म्हटलं, कोण म्हणतं? त्यांनी फाइल मागवली. आतमध्ये समन्सांवर समन्सं होती. प्रत्येकाच्या मागे पोलिसांचा अहवाल, वेगवेगळ्या शाईत, एकाच मजकुराचा: सदर साक्षीदार गाव सोडून गेले असून सध्याचा ठावठिकाणा मिळून येत नाही. पहिली तीन वर्षं अण्णा आणि आई दोघंही मिळून येत नव्हते, मग एका अहवालात अण्णा मयत. पुढे एकटी आई मिळून येत नव्हती. अण्णा जिवंत असेपर्यंत सापडले नाहीत. मेल्यावर मात्र पोलिसांना बरोबर कळलं.

तीस वर्षं ज्याने गावातला एकही पत्ता चुकवला नाही, त्याचा पत्ता मिळत नव्हता म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात बाहेर शिपाई कोणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीनदा. कोणी आलं नाही. वकील बाई म्हणाल्या की तुमच्या आईंच्या नावाचाही दर तारखेला असाच पुकारा होतो, तीन हाका मारायच्या आणि गैरहजर लिहायचं. आता आरोपीचे वकील म्हणतायत की साक्षीदारच नाहीत तर केस बंद करा. आई येतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईल. न विचारता म्हटलं.

प्रत्येक अहवालाखाली गावच्या पोलीस पाटलाची सही होती. ते माझे चुलतकाका. आमच्या घरापासून त्यांचं घर चौथं.

नकला घेऊन मी त्याच दुपारी राजूरमार्गे गावाकडे निघाले. रस्ताभर फलकांवर सभापती हात जोडून उभा होता. आई अंगणात मिरचीच्या रोपांना घागरीने पाणी देत होती. नळयोजनेची तोटी तिथेच भिंतीला होती, तिच्यातून कधी थेंबभर पाणी आलं नाही. आई तिला बाजाराची पिशवी अडकवते. मी बसायच्या आधीच सगळं सांगितलं, अहवाल वाचून दाखवले. तिने घागर खाली ठेवली, शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की ती कोर्टात येणार नाही. तिने भंडारा उचलला आहे. मी त्या तोटीकडे बोट केलं. त्याने दिलेला शब्द पाळला का, विचारलं. ती म्हणाली, "त्याचा भंडारा त्याच्यापाशी, माझा माझ्यापाशी. त्यानं मोडला म्हणून म्या मोडू का?"

मी नको ते बोलले. तुझ्या या खरेपणावरच असल्यांचं फावतं, म्हणाले. अण्णांचा पाय गेला आणि तू देवाला घाबरतेस, म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि त्याने मी आणखीच भडकले.

माझा आवाज ऐकून काका आले. मी त्यांच्यापुढे नकला टाकल्या. मला वाटलं होतं ते नाकारतील, हवालदारावर ढकलतील. त्यांनी चष्मा लावून स्वतःची सही पाहिली आणि मान डोलावली. म्हणाले, "वैनीनं भंडारा उचलल्ता. कोर्टात नेलं असतं तर त्यांचा शब्द मोडला असता का न्हाई? म्या तो मोडू दिला न्हाई. हवालदाराला सांगितलं, लिहा, गावात न्हाईत."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. हवालदाराला काही मिळालं असेल, सभापतीने वरून सांगितलं असेल, ते मला माहीत नाही आणि ते मी सिद्ध करू शकत नाही. पण काकांनी एक पैसा घेतला नसेल याची मला खात्री आहे. ते खरोखर मानत होते की देवळातला शब्द कोर्टाच्या कागदापेक्षा मोठा, आणि आपण भावजयीची लाज राखली. पैसे खाल्लेल्या माणसावर ओरडता तरी येतं. मी त्यांना एवढंच म्हणाले की काका, तेव्हा अण्णा या ओसरीत बसलेले होते, आणि तुम्ही रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून चहा घेत होतात.  आईने त्यांना चहा दिला. तो चहा बघून मी मागच्या दाराने बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसला निघण्याच्या तयारीत होते, तेव्हा सभापतीचे तीन कार्यकर्ते दारात आले. गळ्यात रुमाल, हातात याद्या. एकाच्या हातात ताट होतं, ताटात हळद आणि बेल. देवळात सभा झाली होती, गावाने सभापतीच्या मागे राहायचा भंडारा उचलला होता, आणि ज्या बायका आल्या नाहीत त्यांच्याकडे ताट घरी फिरत होतं. दुसऱ्याने आईला मतदानाच्या चिठ्ठ्या दिल्या. एका बाजूला हात जोडलेला सभापती, दुसऱ्या बाजूला नाव, पतीचं नाव, घर क्रमांक, यादीतला अनुक्रमांक, मतदान केंद्राची खोली. आईला अक्षरं लावून लावून वाचता येतं. ती वाचू लागली.

चिठ्ठ्या दोन होत्या. एक तिची, एक अण्णांची.

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली होती. यादीतून त्यांचं नाव कोणी काढलं नव्हतं, आणि सभापतीच्या माणसांनी यादी बघून त्यांचीही चिठ्ठी घरपोच केली होती. चिठ्ठ्या देणाऱ्या पोराने जीभ चावली, चुकून आली म्हणाला आणि परत मागू लागला. आईने दिली नाही. तिने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. मग मला म्हणाली, काल वाचलेला कागद पुन्हा वाच. मी वाचला. सदर साक्षीदार गाव सोडून गेले असून. ती म्हणाली, घर क्रमांक बघ, ह्याच्यात बराबर हाये का? मी म्हटलं, बरोबर आहे.

ताटवाला पुढे झाला. म्हणाला, मावशी, भंडारा उचला, पुढं जायचंय जल्दी. आईने हात मागे घेतले. त्याला नाही, मला म्हणाली, पण तिघांनाही ऐकू जाईल अशी: "गप ऱ्हायचं कबूल केलं व्हतं म्या. नसायचं कबूल केलं न्हवतं."

ते ताट घेऊन गेले. आई आत गेली, देवापाशी जराशी बसली आणि बाहेर आली. मला म्हणाली, तुझ्या त्या वकील बाईला सांग. मग ती चार घरं चालत काकांकडे गेली. काय बोलली ते मी दारातून ऐकलं. तारखेच्या दिवशी तुम्हीच सोबत यायचं, तिथे कोणी विचारलं की ही बाई गावात राहते का, तर तुम्हीच सांगायचं. बाकी ती एक शब्द वेडावाकडा बोलली नाही. मी असते तर सगळी आळी गोळा केली असती.

मतदानाच्या दिवशी मी दुसऱ्या गावी निवडणुकीच्या कामावर होते, बोटांना शाई लावत. आई गावात एकटीच गेली. तिकडे काय झालं ते तिने फोनवर सांगितलं. केंद्रावर अधिकारी प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचतो आणि उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात. तिचं नाव वाचलं गेलं. सभापतीचा प्रतिनिधी बाकावर बसला होता, त्याने खूण केली. आई त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, बराबर लिहिलं ना, हाये म्हणून? त्याने मान खाली घातली. अण्णांचं नाव काढा, असं तिने अधिकाऱ्याला सांगितलं. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो म्हणे. त्यांची चिठ्ठी तिने पोलक्यात जपून ठेवली होती, त्यांच्या नावावर दुसऱ्याने मत टाकू नये म्हणून. तिने मत कोणाला दिलं हे मी विचारलं. म्हणाली, ते सांगायचं नसतं, तूच शिकवती ना पोरांना.

सभापती पडला. माझ्या वाचण्याने पडला असं मला लिहायला आवडलं असतं, पण तसं काही नाही. आमच्या गावात तर तोच पुढे होता. ज्यांनी अण्णांना मार खाताना पाहिलं त्यांनीही त्यालाच मत दिलं असणार, कारण ताट आलं आणि त्यांनी हात पुढे केले. त्यांचा मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. शपथपत्रात सगळं लिहिलेलं असतं, कोणालाही फुकट वाचता येतं, आणि वाचत कोणी नाही, हे सभापतीला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून तर त्याने निर्धास्तपणे खरं लिहिलं. साऱ्या गावात जी गोष्ट कोणी आम्हाला सांगितली नाही, ती त्या एकट्याने सहीनिशी सांगितली होती.

वकील बाईंनी साक्षीदार उपलब्ध असल्याचा अर्ज दिला. पत्त्याचा पुरावा म्हणून आईचं मतदान कार्ड जोडलं, आणि माझ्या हट्टावरून आईच्या नावाची चिठ्ठीही जोडली, सभापतीच्या फोटोसकट. कोर्टाने पुन्हा समन्स काढलं. या वेळी ते बरोबर घरी आलं. नवा हवालदार होता, त्याने दारात उभं राहून आईला विचारलं, इथं किती वर्षांपासून राहता? आईने लग्नाचं साल सांगितलं.

तारखेला पावसाळा लागलेला होता. आम्ही दोघी पहिल्या बसने निघालो. काका तीन सीट मागे बसले होते, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा.  कोर्टाच्या फाटकाशी थांबून आईला म्हणाले, "वैनी, मला काय विचारलं तर म्या खरं सांगून टाकीन. सही माझीच हाये." त्यात त्यांचं पोलीस पाटीलपद जाऊ शकतं, हे त्यांना माहीत होतं. आई म्हणाली, सांगा.  माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण त्यानंतर तो मला पूर्वीसारखा वापरता येत नाही.

व्हरांड्यात बाकावर आम्ही दोन तास बसलो. सभापती आला तो चार माणसं घेऊन, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आई दिसताच तो थबकला. मग त्याने सवयीने हात जोडले, फलकावर असतात तसेच. आईने ते पाहिले आणि पुन्हा दाराकडे बघत बसली. तिच्या मांडीवर पिशवी होती, त्या तोटीला अडकवायची तीच. पिशवीत समन्स आणि अण्णांची चिठ्ठी.

शिपाई दारात आला. त्याने कागद बघितला, गळा साफ केला आणि आईचं पूर्ण नाव पुकारलं, तिच्या नावापुढे अण्णांचं नाव, आडनाव, गाव. कितीतरी तारखांना याच व्हरांड्यात हे नाव असंच तीन तीनदा पुकारलं गेलं होतं. तो सवयीने पाठ फिरवून दुसरी हाक मारायला पलीकडच्या टोकाकडे निघाला होता.

"हाये," आई उठून म्हणाली. "इथंच व्हते."